विकत घेतलेल्या नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी कोऱ्या डिस्कवर उतरवताना येणाऱ्या अडचणी

दांडियाबाजार (बडोदे)

घरात विकत घेतलेल्या मराठी नाटकांच्या आणि सिनेमांच्या मिळून सव्वाशेच्या आसपास डिस्क आहेत. त्यातल्या साधारण नव्वद व्हीसीडी (बरीचशी नाटकं दोन किंवा तीन डिस्कच्या संचात), बाकीच्या डीव्हीडी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यावर आलं तेव्हा खालच्या खणातल्या काही डिस्क भिजल्या, बाकीच्यांना पावसाळ्यातली ओल लागली आहे. यातली बरीच नाटकं आता कुठे विकत मिळत नाहीत. म्हणून सगळ्यांची एकेक प्रत कोऱ्या डिस्कवर करून ठेवायची आहे. मूळ डिस्क टाकणार नाही, विकणारही नाही.

साहित्य: विंडोज १० चा लॅपटॉप, यूएसबीचा पातळ डीव्हीडी रायटर, १६ एक्स डीव्हीडी-आर चा ५० चा डबा.

अडचणी अशा:

१. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करताना साठ-सत्तर टक्क्यांवर 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' (माहिती नीट वाचता आली नाही) असा संदेश येतो आणि कॉपी थांबते. अर्धी झालेली फाइलही विंडोज पुसून टाकतं.

२. एका सॉफ्टवेअरने व्हीसीडीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) केली. ती झाली, पण ती राइट केलेली सीडी प्लेयरमध्ये लागत नाही.

३. काही डीव्हीडी संगणकावर चालतात पण कॉपी होत नाहीत.

४. वडिलांना नाटक टीव्हीला जोडलेल्या जुन्या प्लेयरवरच पाहायचं असतं. त्यामुळे प्रत तिथे लागली पाहिजे.

कोणत्या क्रमाने करावं आणि कोरी डिस्क कोणती घ्यावी?

---

सेक्टर२३५२

पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. व्हीसीडी दिसायला डेटा सीडीसारखी दिसते, पण आतली रचना वेगळी असते. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (माहितीच्या छोट्या कप्प्यात) २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत दुरुस्तीचा जादा थर असतो. व्हीसीडीचा चित्रपट ज्या ट्रॅकवर असतो तिथे सेक्टर 'मोड २ फॉर्म २' प्रकारचे असतात. तिथे २३२४ बाइट माहिती बसते, कारण तो दुरुस्तीचा थर काढून जागा चित्राला दिलेली असते. म्हणूनच ७४ मिनिटांच्या सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावतं.

याचे दोन परिणाम होतात. आयएसओ फाइलला २०४८ चाच सेक्टर कळतो, त्यामुळे व्हीसीडीची आयएसओ करणं म्हणजे चित्राचा ट्रॅक मोडणं. तुमची प्रत लागत नाही ती यामुळे. दुसरं म्हणजे जी डेटा सीडी दहा चरे सहन करते तेवढेच चरे व्हीसीडीला सहन होत नाहीत, कारण दुरुस्तीची ताकदच कमी.

तेव्हा व्हीसीडीसाठी आयएसओ विसरा, 'बिन' (डिस्कवरची सगळी माहिती) आणि 'क्यू' (ट्रॅकची मांडणी सांगणारी छोटी फाइल) ही जोडी करा. इमेजबर्न हे मोफत सॉफ्टवेअर रीड मोडमध्ये व्हीसीडी घातली की आपोआप बिन-क्यू चं नाव सुचवतं. इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरपुढच्या बरोबरच्या खुणा काढून टाका.

रीड स्पीड 'मॅक्स' वर ठेवू नका, ८ एक्स करा. ७० मिनिटांच्या व्हीसीडीला ८ एक्सवर नऊ मिनिटं लागतात, घाई करून काही मिळत नाही. जास्त वेगात डिस्क थरथरते आणि लेझरला चऱ्याच्या जागी माग सापडत नाही.

वाचताना चूक आली की इमेजबर्न पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. सेटिंग्जच्या रीड टॅबमध्ये चुका दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय आहे, तो पहिल्या वेळी चालू करू नका. आधी कोणते सेक्टर अडतात ते लॉगमध्ये पाहून घ्या. दुसऱ्या ड्राइव्हमध्येही तेच सेक्टर अडले, मगच तो पर्याय चालू करा. व्हीसीडीत सेकंदाला ७५ सेक्टर असतात, म्हणजे दोन-चार सेक्टर गेले तर चित्रात क्षणभर चौकडे (चौकोनी तुकडे) दिसतील. एमपीईजी-१ (व्हीसीडीतल्या चित्राचा प्रकार) मध्ये पूर्ण चित्र साधारण १५ फ्रेमनंतर पुन्हा येतं, २५ फ्रेमच्या हिशेबाने ०.६ सेकंद. म्हणजे खराबी जास्तीत जास्त तेवढी टिकते. नाटकातलं एखादं वाक्य अडखळेल, प्रवेश जाणार नाही.

एक अपवाद. लग्नाच्या किंवा घरगुती, रायटरवर केलेल्या व्हीसीडीत ट्रॅकच्या अगदी शेवटचे दोन सेक्टर बहुतेकदा वाचले जात नाहीत. ते राइट करण्याच्या पद्धतीमुळे आलेले रिकामे सेक्टर असतात, तिथे चित्र नसतं. ते खुशाल सोडा.

---

काचपूस

वाचनाच्या आधी धुणं येतं, आणि पुरात भिजलेल्या डिस्कचं नुकसान बहुतेक वेळा पाण्यापेक्षा नंतर चुकीचं पुसल्याने होतं.

नदीच्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो वाळल्यावर कोरड्या कापडाने पुसला की प्रत्येक कण काचकागदासारखा घासतो. त्यामुळे आधी डिस्क साध्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. मग वाहत्या पाण्याखाली धरा. तेलकटपणा असेल तर एक लिटर पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, बोटाच्या पेराने हलकं फिरवा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं तेच. बडोद्याच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग डिस्कवर राहतात आणि लेझर तिथेही अडतो. सावलीत उभ्या ठेवून वाळवा. उन्हात किंवा ड्रायरने नको, पॉलिकार्बोनेट वाकतं.

पुसायची वेळ आली तर मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल कधीच नाही. माहितीचा माग गोल फिरतो. माग आडवा छेदणारा चरा प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती खातो, तेवढी भरून काढता येते. मागाच्याच दिशेने गेलेला चरा सलग माहिती खातो, ती भरून येत नाही.

बुरशीचे ठिपके असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. प्लास्टिक तिथल्या तिथे पांढरं पडतं आणि ते परत येत नाही.

आता महत्त्वाचं. सीडीची आणि डीव्हीडीची जखम वेगवेगळ्या बाजूला असते. सीडीत (म्हणजे व्हीसीडीतही) ॲल्युमिनियमचा थर वरच्या छापील बाजूला, लॅकरच्या अगदी खाली असतो. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे, वरून जवळपास काहीच नाही. व्हीसीडी ट्यूबलाइटसमोर धरून छापील बाजूने पाहा. सुईच्या टोकाएवढी प्रकाशाची छिद्रं दिसली तर तिथलं ॲल्युमिनियम गेलं आहे, तिथली माहिती कोणत्याही पॉलिशने येणार नाही. छापील बाजू चोळू नका, लेबल सोलू नका, लेबलबरोबर थर निघतो.

डीव्हीडीत थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध चिकटवलेला असतो. तिथे धोका कडेने शिरणाऱ्या पाण्याचा. कडेपासून आत येणारा ढगाळ पट्टा दिसला तर ती डिस्क सर्वात आधी वाचायला घ्या. डीव्हीडी आतून बाहेर लिहिलेली असते, त्यामुळे पूर्ण भरलेल्या एका थराच्या डिस्कमध्ये कडेला नाटकाचा शेवट असतो.

आणि मधल्या भोकापाशी तडा असलेली डिस्क वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ एक्सचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेऱ्या मारतो. तडा वाढला तर डिस्क आत फुटते आणि ड्राइव्हही जातो.

---

माळवी (इंदूर)

ड्राइव्हबद्दल लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात.

यूएसबीचे पातळ ड्राइव्ह हलक्या लेझरचे आणि हलक्या मोटरचे असतात. चांगल्या डिस्कला पुरतात, चरे पडलेल्या डिस्कला कमी पडतात. शिवाय यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि राइट करताना यांना त्याहून जास्त लागतं. हबमधून जोडला की राइट मध्येच तुटतं आणि कोरी डिस्क वाया. थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला जोडा.

वाचनासाठी जुन्या डेस्कटॉपमधला सव्वापाच इंची साटा ड्राइव्ह मिळवा. संगणक दुरुस्तीच्या दुकानात भंगारातल्या डब्यांमधले असे ड्राइव्ह किरकोळ पैशांत देतात. सोबत साटा-यूएसबी जोडणी लागेल, पण ती १२ व्होल्टच्या वेगळ्या ॲडॉप्टरसह येणारीच घ्या. लॅपटॉपच्या हार्डडिस्कसाठीची छोटी केबल फक्त ५ व्होल्ट देते, सव्वापाच इंची ड्राइव्हची मोटर १२ व्होल्टवर चालते. छोट्या केबलवर दिवा लागेल, डिस्क फिरणार नाही.

शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह ठेवा. एकाला न वाचता आलेला भाग दुसरा वाचतो, हे नेहमी होतं.

डीव्हीडीसाठी आणखी एक साधन आहे, डीडीरेस्क्यू, खराब डिस्क वाचण्याचं सॉफ्टवेअर. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून वापरता येतं. याची खुबी त्याच्या मॅप फाइलमध्ये. कोणता भाग वाचला, कोणता राहिला हे ते टिपून ठेवतं. पहिल्या फेरीत सेक्टर साइझ २०४८ देऊन 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे ते अडलेल्या जागा सोडून सोपा भाग पटकन उचलतं. दुसऱ्या फेरीत 'डी' आणि 'आर ३' द्या, म्हणजे फक्त उरलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करतं. मग डिस्क काढा, धुवा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅप फाइल देऊन पुन्हा चालवा. आधी मिळालेलं पुन्हा वाचलं जात नाही, फक्त भोकं भरली जातात. ड्राइव्हची झीज वाचते आणि रात्रभराचं काम तासात होतं.

व्हीसीडीला हे चालत नाही, सेक्टर२३५२ यांनी सांगितलेल्या फॉर्म २ मुळे. तिथे बिन-क्यूच.

---

दांडियाबाजार

धुण्याची पद्धत लगेच अमलात आणतो. एक शंका: व्हीसीडीला दुरुस्तीचा थर नसेल तर बिन फाइल चूक न येता पूर्ण झाली तरी ती बरोबरच आहे हे कसं ओळखायचं?

---

सेक्टर२३५२

नेमकी शंका विचारलीत. फॉर्म २ सेक्टरमध्ये तपासणीचा ४ बाइटचा आकडा ठेवणंही ऐच्छिक असतं, तो नसला तर सेक्टरच्या पातळीवर पडताळायला काहीच नसतं. काही ड्राइव्ह अशा वेळी चुकीची माहिती मुकाट्याने पुढे सरकवतात. 'सक्सेस' आलं एवढ्यावर व्हीसीडीची प्रत मान्य करू नये.

उपाय: प्रत्येक व्हीसीडी दोनदा वाचा, जमल्यास दोन ड्राइव्हवर. दोन्ही बिन फाइलींचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून मिळतो. दोन्ही आकडे सारखे आले की काम झालं. दोन वेगळ्या वाचनांत अगदी तीच चूक त्याच जागी येणं फार दुर्मीळ.

आकडे जुळले नाहीत तर विंडोजच्या एफसी कमांडने, 'बी' पर्याय देऊन, दोन्ही फाइली ताडून पाहा. फरकाचा पत्ता सोळाच्या अंकपद्धतीत येतो. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये दशमान करा, २३५२ ने (बिनमधला एक सेक्टर एवढ्या बाइटचा) भागा, सेक्टर क्रमांक मिळेल. त्याला ७५ ने भागलंत की फरक कोणत्या सेकंदाला आहे ते कळतं. सुरुवातीचा छोटा डेटा ट्रॅक धरून काही सेकंदांचा फरक पडेल, तेवढा सोडून द्या. त्या जागी दोन्ही फाइली व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरवर पाहा. एकीत चौकडे दिसतात, दुसरीत नाही, असं असेल तर निवड सोपी. दोन्हीत वेगवेगळ्या जागी खराबी असेल तर तिसरं वाचन करा आणि दोघांत जे सारखं असेल ते धरा.

बिनमधून चित्राची एमपीजी फाइल काढायला व्हीसीडीगियर किंवा आयसोबस्टर. आयसोबस्टरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक करून फक्त एमपीईजी फ्रेम गाळून काढण्याचा पर्याय निवडा. डॅट फाइलचं नाव बदलून डॉट एमपीजी करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. व्हीएलसी ती चालवेल, पण आत ४४ बाइटचं वेष्टन आणि प्रत्येक सेक्टरची जादा शीर्षकं तशीच राहतात, पुढे डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर तिथे अडखळतं.

आणि एक कळकळीची विनंती. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ आहे, दर सेकंदाला ११५० किलोबिट. ते 'एचडी' करून, नवीन फॉरमॅटमध्ये बदलून मूळ बिन पुसू नका. त्यात नवीन तपशील येत नाही, उलट दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं. रंगमंचावरच्या अंधाऱ्या प्रवेशात आधीच चेहरे पुसट असतात, ते आणखी जातात. पाहण्यासाठी हवी ती आवृत्ती करा, जपण्यासाठी जसं होतं तसंच.

---

ठेवणीतले

आता कोऱ्या डिस्कचं. हिशेब आधी, म्हणजे किती लागतील ते कळेल.

व्हीसीडीच्या एमपीजीचं मिनिटाला साधारण १०.४६ एमबी धरा. ७० मिनिटांची डिस्क म्हणजे ७३२ एमबी. डीव्हीडी-आर मध्ये ४.७० जीबी (विंडोज हेच ४.३८ दाखवतं, घाबरू नका, मोजण्याची रीत वेगळी). सहा व्हीसीडी मावतात, पण सहा घालू नका. पाचच घाला. उरलेला सुमारे एक जीबी दुरुस्तीच्या माहितीसाठी ठेवा.

ती माहिती डीव्हीडिझास्टर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने तयार होते. आधी पाच एमपीजी, त्यांचे शा-२५६ ची टेक्स्ट फाइल आणि नाटकांची यादी मिळून साध्या डेटा डिस्कची आयएसओ करा. मग डीव्हीडिझास्टरमध्ये ती आयएसओ उघडून आरएस-०२ पद्धत निवडा. ते उरलेली जागा रीड-सोलोमन या चुका दुरुस्त करणाऱ्या संहितेने भरतं. माहितीच्या पाव भागाहून जास्त एवढी राखीव संहिता मिळते, त्यामुळे पुढे डिस्कवर चरे पडले, काही भाग वाचेनासा झाला, तरी संपूर्ण आयएसओ परत उभी राहते. मूळ व्हीसीडीत जो दुरुस्तीचा थर नव्हता तो तुम्ही असा स्वतः देता. बिन-क्यू स्वरूपात राइट केलेल्या व्हीसीडीवर डीव्हीडिझास्टर चालत नाही, फक्त डेटा डिस्कवर चालतं. म्हणून जपणुकीची प्रत डेटा डिस्क आणि बाबांची प्रत वेगळी.

राइट करताना १६ एक्सची डिस्क ८ एक्सवर. एकदम कमी वेग चांगला ही समजूत जुन्या डिस्कच्या काळची. १६ एक्सच्या डिस्कचा रंगथर जास्त वेगासाठी जुळवलेला असतो, २ एक्सवर उलट जास्त चुका येतात. व्हेरिफाय चालू ठेवा. डब्यातली एक डिस्क राइट करून तपासल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका.

डब्यावरच्या नावापेक्षा डिस्कमधला मीडिया कोड (खरा उत्पादक सांगणारी खूण) पाहा. कोरी डिस्क घालून इमेजबर्नच्या उजव्या बाजूला तो दिसतो. १६ एक्स डीव्हीडी-आर वर एमसीसी-०३आरजी२० असा कोड असेल तर तो मित्सुबिशीच्या रंगद्रव्याचा जुना, विश्वासाचा प्रकार.

जास्त पैसे घालायची तयारी असेल तर ब्लू-रे रायटर आणि २५ जीबी च्या बीडी-आर (कोऱ्या ब्लू-रे डिस्क). एका डिस्कवर राखीव जागा धरूनही २६-२७ व्हीसीडी जातात, तुमच्या नव्वद चार डिस्कमध्ये बसतात. घेताना 'एलटीएच' लिहिलेली घेऊ नका, तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्य असतं आणि ते प्रकाशाने, उष्णतेने उतरतं. नेहमीच्या एचटीएल प्रकारात थर असेंद्रिय असतो. एम-डिस्क (दीर्घकाळ टिकण्यासाठी केलेली डिस्क) प्रकारची बीडी-आर बहुतेक ब्लू-रे रायटरवर राइट होते, एम-डिस्क डीव्हीडीला मात्र तो पाठिंबा असलेलाच रायटर लागतो. एक ध्यानात घ्या: सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. हा माल दिवसेंदिवस कमी होणार, तेव्हा ठरवलंत तर लवकर घ्या.

ठेवण्याबद्दल. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत दीर्घ साठवणीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. बडोद्याच्या जुलैत हे घरात जमणार नाही, पण आर्द्रता हाताशी आहे. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी भाजून पुन्हा वापरायचं ते कळतं. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तळमजल्यावर तर नकोच. डिस्क उभ्या, प्रत्येकीला स्वतःचं कव्हर. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात प्लास्टिक डिस्कला चिकटतं.

नाव पाण्याच्या शाईच्या मार्करने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी स्टिकर चिकटवला की डिस्कचा तोल जातो आणि ओलीत कागद आकसून थर ओढतो.

---

संपादक मंडळ

तिसऱ्या अडचणीबद्दल. चालणारी पण कॉपी न होणारी डीव्हीडी म्हणजे बहुधा सीएसएस कुलूप (माहिती सांकेतिक करून कॉपी रोखणारी सोय) असलेली. इमेजबर्न अशी डिस्क वाचायला नकार देतं आणि तसं सांगतं. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ साली आलेल्या कलम ६५-ए नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची सवलत आहे, पण त्या दोन कलमांच्या मधल्या जागेत कुणी कुठवर जावं हे इथे सांगितलं जाणार नाही. कुलूप तोडण्याची साधनं या धाग्यात लिहू नयेत.

व्हीसीडीला असं कुलूप नसतं, त्यामुळे वरची सगळी चर्चा बिनदिक्कत चालू द्या. मात्र प्रत घरातच राहावी. मंडळात वाटणं, यूट्यूबवर चढवणं हे वैयक्तिक वापरात येत नाही.

---

माळवी

कुलूपवाल्या डीव्हीडींसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडून दुसरी मूळ प्रत मिळवणं, आणि आहे ती काचपूस यांनी सांगितल्याप्रमाणे धुऊन कोरड्या डब्यात ठेवणं. आधी यादी करा: कुलूप आहे, नाही. डिस्क घालून इमेजबर्न रीड मोडमध्ये उघडायला एक मिनिट लागतं. छोट्या प्रकाशकांच्या नाटकांच्या डीव्हीडींवर बरेचदा कुलूप नसतं.

बिनकुलूप डीव्हीडीची सरळ आयएसओ करा, व्हिडिओ_टीएस फोल्डर ओढून कॉपी करू नका. त्या फोल्डरमधल्या आयएफओ फाइली (मेनू आणि क्रमाची माहिती) आणि त्यांच्या बीयूपी प्रती डिस्कवर ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात. डीव्हीडी वाचताना १६ सेक्टरचा, ३२ केबी चा गठ्ठा एकत्र दुरुस्त होतो. आयएफओ आणि बीयूपी एकाच गठ्ठ्यात आल्या तर एका चऱ्यात दोन्ही जातात. आयएसओमध्ये मूळ मांडणी जशीच्या तशी राहते.

वाचून झाल्यावर मेनू उघडत नसेल पण व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) फाइली व्हीएलसीत चालत असतील तर आयएफओ खराब आहे. त्याच नावाच्या बीयूपीची कॉपी करून तिच्या नावाचा शेवट डॉट आयएफओ करा, दोन्ही मुळात सारख्याच असतात. मग इमेजबर्नच्या बिल्ड मोडमध्ये फोल्डर देऊन नवी आयएसओ बांधा, अंतर ते स्वतः सांभाळतं.

डिस्क ४.७ जीबी पेक्षा मोठी निघाली तर ती दोन थरांची आहे. दाबून लहान करण्याच्या भानगडीत पडू नका. इमेजबर्न आयएसओबरोबर एमडीएस फाइल बनवतं, थर कुठे बदलतो ते तिच्यात असतं. डीव्हीडी+आर डीएल वर राइट करताना आयएसओ न निवडता ती एमडीएस निवडा, नाहीतर थर भलत्याच जागी बदलतो आणि प्लेयर तिथे अडकतो.

---

सेक्टर२३५२

बाबांच्या प्लेयरसाठी दोन वाटा आहेत.

सोपी वाट: बिन-क्यू मधली क्यू फाइल इमेजबर्नच्या राइट मोडमध्ये निवडून ७०० एमबी च्या सीडी-आर वर १६ एक्सने राइट करा. हुबेहूब व्हीसीडी तयार होते. सीडी-आरडब्ल्यू वापरू नका. तिचं परावर्तन छापील सीडीच्या तुलनेत खूपच कमी असतं, जुने प्लेयर तिला रिकामी समजतात.

दुसरी वाट जास्त सोयीची, मध्येच डिस्क बदलायला उठावं लागत नाही. एमपीजींपासून डीव्हीडी-व्हिडिओ बनवा. ३५२ बाय २८८ चं एमपीईजी-१ चित्र डीव्हीडीच्या नियमात बसतं, त्यामुळे चित्र पुन्हा एनकोड करायची गरज नाही. फक्त आवाज बदलावा लागतो, व्हीसीडीत ४४.१ किलोहर्ट्झ असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, प्रकल्प पाल (भारतातली टीव्ही पद्धत) ठेवा, प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत व्हिडिओला 'कॉपी' आणि ऑडिओला एमपी२, ४८ किलोहर्ट्झ निवडा. ते विसरलात तर सॉफ्टवेअर सगळं चित्र नव्याने एनकोड करतं, तासभर खातं आणि दर्जाही उतरवतं. एखादी फाइल 'कॉपी' घेत नसेल तरच तिच्यापुरतं एनकोडिंग करा. आवाज न बदलता तसाच ठेवला तर काही प्लेयरवर चित्र चालतं आणि आवाज येत नाही, किंवा हळूहळू ओठांपासून सुटत जातो.

दोन तास वीस मिनिटांचं नाटक सुमारे १.४६ जीबी होतं. एका डीव्हीडी-आर वर दोन नाटकं निवांत बसतात. तिसरं बसतं पण डिस्क अगदी कडेपर्यंत भरते, आणि जुन्या प्लेयरचा लेझर कडेलाच सर्वात आधी अडखळतो. दोनच ठेवा. दोन भागांमध्ये मेनू न देता दुसरा भाग पहिल्यानंतर आपोआप लागेल असं लावा, रिमोट शोधावा लागत नाही.

प्लेयर डीव्हीडी-आर घेत नसेल तर एक डिस्क डीव्हीडी+आर ची आणून पाहा. तिच्यावर राइट करताना इमेजबर्नमधून बुकटाइप (डिस्कचा प्रकार सांगणारी खूण) 'डीव्हीडी-रॉम' करता येतो, रायटरने ती सोय दिली असेल तर. मग प्लेयर तिला छापील डीव्हीडी समजतो. डीव्हीडी-आर ला हे करता येत नाही.

---

दांडियाबाजार

भिजलेल्यांपैकी पहिल्या संचाच्या दोन्ही व्हीसीडी धुऊन ८ एक्सवर वाचल्या. पहिलीचे दोन वाचनांचे आकडे जुळले. दुसरीत एफसीने चार पत्ते दिले, चारही एकाच सेक्टरमधले, ४१ व्या मिनिटाजवळ. तिसरं वाचन दुसऱ्याशी जुळलं.

ट्यूबलाइटसमोर धरल्यावर सात डिस्कना छिद्रं दिसली, त्या आधी घेणार आहे. डीव्हीडी+आर ची एक सुटी डिस्क मिळते का ते सयाजीगंजात पाहतो.

---

ठेवणीतले

छिद्रंवाल्या सातही एकाच बैठकीत वाचून टाका, पावसाळ्यापर्यंत थांबू नका. ॲल्युमिनियमचं गंजणं ओलीत पसरत जातं. आणि पहिली डेटा डीव्हीडी तयार झाली की ती ज्या रायटरवर केलीत त्याच्यावर नाही, माळवी म्हणतात त्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडिझास्टरने स्कॅन करा. स्वतःच्या रायटरला स्वतःचं लिखाण सहसा वाचता येतं, तपास परक्या ड्राइव्हवरच खरा. हाच स्कॅन वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास हवा कोरडी झाली की. वाचता न येणारे सेक्टर दिसू लागले की राखीव संहिता पुरेशी असतानाच आयएसओ दुरुस्त करून नव्या डिस्कवर उतरवा.